मोठा कोच कुणाकडे जाईल: गोवा की मुंबई?

हॉस्टेलवर रात्री जेवणानंतर जे वाद होतात, त्यांतला हा एक. आमच्या मजल्यावर एक मित्र कट्टर एफसी गोवा, दुसरा मुंबई सिटीचा. प्रश्न असा: उद्या एखादा खरोखर मोठा कोच भारतात यायला निघाला आणि दोन्ही क्लबांची दारं उघडी असली, तर तो कुठे जाईल? मुंबईवाल्याने लगेच पुरावा टाकला. "लोबेरा. गोवा सोडून मुंबईला आला की नाही? संपला विषय."

मी शिरड शहापूरचा. लहानपणी क्रिकेट आणि कबड्डी खेळलो, फुटबॉल फक्त टीव्हीवर बघितला, त्यामुळे अशा वादात मला कुणी विचारत नाही. पण त्या रात्री मी झोपलो नाही, कारण लोबेराचा हा दाखला आणि माझ्या प्रबंधातली एक चूक मला अगदी सारखी वाटली. चुकीचं पुढे सांगतो. आधी इतिहास नीट बघू, कारण "लोबेरा गोवा सोडून मुंबईला आला" या पाच शब्दांत एक शब्द चुकीचा आहे.

सुरुवात आयएसएलच्या आधीपासून करावी लागते. गोवा आणि मुंबई-पुणे यांच्यात कोचची ये-जा नवी नाही. डेरिक परेरा हे गोव्याचे, साळगावकर क्लबचे आणि भारताचे बचावपटू. त्यांच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. पुढे तेच पुणे एफसीकडे गेले आणि २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुण्याला दुसऱ्या क्रमांकावर नेलं. नुसत्या नोंदी बघितल्या तर वाटतं, महाराष्ट्र गोव्याचे कोच ओढून घेत होता.

पण त्याच काळात आर्मांदो कुलासो गोव्यातच, डेम्पोमध्ये बसून होते. एक-दोन वर्षं नाही, दशकाहून जास्त. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी एकाच क्लबला मिळवून दिली. भारतात इतकं सातत्य दुसऱ्या कुठल्या क्लब-कोच जोडीने दाखवलेलं मला तरी आठवत नाही. २०१३ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले. मग इतकी वर्षं कुणी त्यांना बोलावलंच नाही, की बोलावलं आणि ते गेले नाहीत? वर्तमानपत्रात बातमी येते ती कोच गेल्याची. नकार दिल्याची सहसा येत नाही. आपला सगळा डेटा असा एका बाजूने भरलेला असतो, आणि संशोधनाला येणाऱ्या मुलांनी ही गोष्ट पेटच्या अभ्यासक्रमाआधी शिकायला हवी असं माझं मत आहे. (पेटमध्ये ती येत नाही, हा वेगळा विषय.)

आणि कधी कधी क्लबच उरत नाही. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघंही आय-लीगमधून बाहेर पडले. ज्या क्लबांची नावं घेऊन गोव्यातली एक पिढी मोठी झाली, त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जागा राहिली नाही. अशा काळात कोच कुठे गेला हे विचारताना त्याच्यासमोर कोणती दारं शिल्लक होती, हे आधी विचारावं लागतं.

आयएसएल २०१४ मध्ये आठ संघांनी सुरू झाली. पहिली काही वर्षं क्लब कोच निवडताना नाव बघायचे. गोव्याने झिको आणला, ब्राझीलचा दहा नंबर. मुंबईने पहिल्या वर्षी पीटर रीड, दुसऱ्या वर्षी निकोलस आनेल्का, तोही खेळाडू आणि मॅनेजर एकाच वेळी. नोव्हेंबर २०१५ मध्ये झिकोच्या गोव्याने आनेल्काच्या मुंबईला फातोर्ड्यावर ७-० हरवलं. गोवा त्या वर्षी अंतिम फेरीत गेला, घरच्या मैदानावर चेन्नईयनकडून ३-२ हरला, आणि पुढच्याच वर्षी, झिकोच असताना, तळाला गेला. त्याच २०१६ मध्ये मुंबईने आलेक्सांद्र गिमराईस यांना आणलं आणि गुणतालिकेत पहिला नंबर काढला. कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत नेलेला हा माणूस, पण आपल्याकडे झिकोच्या पासंगालाही प्रसिद्ध नाही. म्हणजे "मोठा कोच" याची व्याख्या करायची तर नावावर करता येत नाही, हे पहिल्या तीन वर्षांतच दिसलं.

जून २०१७ मध्ये गोव्याने सर्जिओ लोबेरा यांना नेमलं. बार्सिलोनाच्या युवा संघांत काम केलेला, स्पेनमध्ये लास पाल्मास आणि मोरोक्कोत एक क्लब सांभाळलेला माणूस. इथे त्याला ओळखणारे फार नव्हते. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी. दुसऱ्या वर्षी अंतिम फेरी, तीही उपांत्य फेरीत मुंबई सिटीला मुंबईत जाऊन ५-१ हरवून. अंतिम सामना १७ मार्च २०१९ ला मुंबईच्याच अंधेरीतल्या मैदानावर झाला आणि बेंगळुरूने तो जादा वेळेत १-० जिंकला. पण महिन्याभरातच गोव्याने सुपर कप जिंकला. मुंबईच्या मालकांनी त्या दोन सामन्यांत लोबेराचा संघ अगदी जवळून बघितला असणार. हा माझा अंदाज, याला पुरावा म्हणू नका.

आता चुकीचा शब्द. जानेवारी २०२० च्या अखेरीस, गोवा गुणतालिकेत अव्वल असताना, क्लबने लोबेराला पदावरून दूर केलं. लोबेराने गोवा सोडलं नाही, गोव्याने लोबेराला सोडलं. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या देखरेखीखाली झाले, गोव्याने लीग शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. लोबेरा तेव्हा घरी होता. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईने त्याला नेमलं. मधल्या आठ महिन्यांत गोव्याने हुआन फेरांदो यांना नेमून स्वतःची जागा भरूनही टाकली होती.

म्हणजे लोबेरासमोर "गोवा की मुंबई" असा प्रश्न कधी आलाच नाही. गोव्याचं दार बंद होतं. बंद दारापुढून माणूस दुसऱ्या घरी गेला, तर त्याला ते दुसरं घर जास्त आवडलं असं म्हणता येत नाही.

इथे माझी चूक सांगतो. माझं काम हळदीच्या कंदकुजीवर आहे, आणि त्यात एक छोटं सर्वेक्षण होतं: शेतकरी कुठलं बेणं लावतात, आधी कुठलं लावायचे, माल कुठल्या बाजारात नेतात. आमचं गाव अशा जागी आहे की हळद वसमतलाही नेता येते आणि हिंगोलीलाही. फॉर्म भरून आले, मी तक्ता केला आणि लिहून टाकलं की अमुक बाजाराला शेतकऱ्यांची पसंती वाढते आहे. गाईडनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं, "पसंती कशावरून?" मी चिडलो. मग सुट्टीत घरी गेलो. बाबा नेहमी वसमतला माल नेतात, त्या वर्षी हिंगोलीला नेला होता. मी विचारलं, तिकडे भाव चांगला होता का? ते म्हणाले, "भावाचं काय विचारतोस? टेम्पो भरून उभा, अन् वसमतचं बीट बंद. ठेवू कुठं?" माझ्या तक्त्यात बाबा हिंगोलीच्या पसंतीत मोजले गेले होते. ते प्रकरण प्रबंधातून काढावं लागलं आणि एक हंगाम गेला.

तर परत फुटबॉलकडे. लोबेराचा दाखला बाद झाला, मग ओढ मोजायची कशावरून? ज्यांच्यासमोर दोन दारं होती, त्यांच्यावरून. आणि असे लोक याच गोष्टीत आहेत, फक्त ते कोच नाहीत. लोबेरा मुंबईला आला त्याच सुमारास गोव्याचे चार खेळाडूही मुंबईला आले: अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई. बूमू तर २०१९-२० चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यासाठी गोव्याचं दार बंद असण्याचं कारणच नव्हतं. हे चौघं मुंबईकडे ओढले गेले की लोबेराकडे?

मुंबईवाला म्हणेल, मुंबईकडे. कारण नोव्हेंबर २०१९ मध्येच मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पैसा आला, सोयी आल्या. बरोबर आहे, एका घटनेवरून दोन्ही कारणं वेगळी करता येत नाहीत. पण पुढची घटना बघा. लोबेरा २०२३ मध्ये ओडिशा एफसीकडे गेला. जाहू आणि फॉल दोघंही त्याच वर्षी मुंबई सोडून ओडिशाला गेले. पुढच्या वर्षी, मधे कोलकात्यात काही मोसम खेळून, बूमूही तिथे पोचला. ओडिशाच्या मागे सिटी ग्रुप नाही, मुंबई शहर नाही. मंदार मात्र त्या वाटेने गेला नाही, तो ईस्ट बंगालकडे गेला. करारांच्या अडचणी यातही असतीलच. तरी तीच माणसं त्याच कोचमागे दोनदा गेली, तर योगायोगाची शक्यता बरीच कमी होते. क्लब कोचला ओढतो हे आपण गृहीत धरून बसलो होतो. इथे कोच खेळाडूंना ओढत होता, आणि क्लब त्या ओढीची किंमत मोजत होता.

२०२०-२१ चा मोसम कोविडमुळे पूर्ण गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. मुंबई आणि एटीके मोहन बागान, दोघांचे ४० गुण. मुंबईने शेवटच्या सामन्यात त्यांना २-० हरवून शील्ड घेतली. उपांत्य फेरीत समोर कोण, तर गोवाच. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीवर मुंबई ६-५. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर अंतिम सामना, बिपिन सिंगचा अगदी शेवटच्या क्षणांतला गोल, मुंबई २-१. एकाच मोसमात शील्ड आणि कप दोन्ही जिंकणारा हा पहिला क्लब. ज्या मैदानावर लोबेराने अडीच वर्षं काम केलं, तिथेच त्याने दुसऱ्याचा झेंडा लावला. गोव्याच्या मित्राला हे आजही बोलून दाखवायचं नाही, असा आमच्या मजल्यावर नियम आहे.

मग मुंबई श्रेष्ठ ठरली का? त्यानंतरचे मुंबईचे कोच बघा. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेला, तो चीनमधल्या सिच्वान जिउन्यूकडे, म्हणजे सिटी ग्रुपचाच हिस्सा असलेल्या क्लबकडे. त्याच्या जागी डेस बकिंगहॅम आला, मेलबर्न सिटीतून, तोही ग्रुपचाच क्लब. त्याच्या संघाने एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२२-२३ ची शील्डही त्याने आणली. तो इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर पेत्र क्रात्की आला, पुन्हा मेलबर्न सिटीतून, आणि मे २०२४ मध्ये त्याने मोहन बागानला ३-१ हरवून कप जिंकला. कामगिरी उत्तम. पण याला ओढ म्हणायचं की बदली? झेडपीच्या शिक्षकाची औंढ्याहून सेनगावला बदली झाली, तर सेनगावच्या शाळेने त्याला आकर्षित केलं असं कुणी म्हणत नाही. मुंबईची ताकद खरी होती, पण ती एका मोठ्या खात्याची ताकद होती.

आणि खरोखर दोन्ही दारं उघडी असतानाचा दाखला हवाच असेल, तर तो फेरांदोचा आहे. गोव्याला त्याने ड्युरंड कप जिंकून दिला होता, नोकरी चालू होती. डिसेंबर २०२१ मध्ये, मोसम सुरू असताना, एटीके मोहन बागानने त्याच्या करारातली सुटकेची रक्कम भरली आणि तो गेला. गोव्याने त्याची जागा घेण्यासाठी कुणाला बोलावलं? डेरिक परेरा यांनाच. थोडक्यात, गोवा-मुंबईच्या भांडणात सगळ्यात स्वच्छ पुरावा तिसऱ्याच, कोलकात्याच्या बाजूने आहे. दोन्ही मित्रांना हे अजिबात आवडलं नाही.

गोव्याची बाजू मात्र संपत नाही. २०२३ मध्ये मानोलो मार्केझ तिथे गेला. हैदराबादला २०२१-२२ चा कप जिंकून दिलेला कोच, त्याच्याकडे पर्याय नसतील असं वाटत नाही. पुढे जुलै २०२४ मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघाचा कोच झाला तरी त्या मोसमात त्याने गोवा सोडलं नाही, दोन्ही कामं केली, आणि मे २०२५ मध्ये सुपर कप जिंकला. दोन दारं उघडी, आणि माणूस दोन्हींत एक एक पाय ठेवून उभा! हा दाखला कुठल्या रकान्यात टाकायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी प्रश्नावली मी नव्याने छापली आहे. "माल कुठे नेला" या प्रश्नाखाली आता एक जादा ओळ आहे: "त्या दिवशी दुसरीकडे नेता आला असता का?" पहिला फॉर्म बाबांकडून भरून घेतला. त्यांनी त्या ओळीवर "नाही" लिहिलं आणि विचारलं, हे एवढं विचारायला तुला चार वर्षं लागली का?