धुरावरून निदान

1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला. तोवर परतूर तालुका परभणीत होता. त्याही खूप आधी, 1948 पर्यंत, हा सगळा मुलूख निजामाचा. 1932 साली निजाम सरकारने 27 बस घेऊन स्वतःची वाहतूक सेवा सुरू केली. सरकारी एस.टी.चा हा बहुधा देशातला पहिलाच प्रयोग.

पुढे मराठवाड्यातल्या फाट्या-फाट्यांवर जीप, अँबेसेडर आणि फियाट दिसू लागल्या. या गाड्यांचा बिघाड शोधायला यंत्र लागत नसे. कान, नाक आणि प्लगपाना पुरत असे. मिस्त्री आधी धूर बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर साफ करा. निळा असेल तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या असतील. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट. इंजिन मिसिंग करत असेल तर प्लगची एकेक वायर काढायची. जी काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तिचं सिलिंडर बंद. प्लग काजळलेला निघाला की पॉलिश पेपरने घासून परत बसवायचा. नवा घ्यायचा तर तालुका किंवा जालना गाठायचं, म्हणजे दिवस गेलाच!

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तरी तिचा कार्ब्युरेटर ओळखीचाच होता. खरा बदल कार्ब्युरेटरच्या जागी आलेल्या एमपीएफआयने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनने, केला. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर नसलेल्या मिस्त्रीची पंचाईत झाली. पण स्कॅनर कोड दाखवतो, नेमकं कारण नाही. सेन्सर खराब की उंदराने वायर कुरतडली, हे शोधायला बॉनेटखाली वाकावंच लागतं.