मेणवलीचा वाडा

आपल्या कोकणस्थ ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचा विषय निघाला की नाना फडणवीसांचे नाव प्रथम ओठांवर येते. परंतु त्यांचा मेणवलीचा वाडा स्वतः जाऊन पाहिलेली कुटुंबे आपणांत किती निघतील?

वाईहून कृष्णाकाठाने कोसभर गेले म्हणजे मेणवली लागते. १७६८ च्या सुमारास हा गाव औंधच्या पंतप्रतिनिधींकडून नानांस मिळाला. त्यांनी तेथे सहा चौकांचा वाडा, घाट व मेणेश्वराचे देवालय बांधविले. घाटावरील प्रचंड घंटा मूळची वसईकडील फिरंगी देवळातली, १७३९ च्या विजयाची खूण. पुण्याच्या कारभारातून सवड काढून कृष्णास्नानास येण्याचे हे निवांत स्थान होते.

नाना १३ मार्च १८०० रोजी वारले आणि वाड्याचे दिवस पालटले. त्यांची पत्नी जिऊबाई त्या वेळी अगदी लहान होती. बाजीरावाच्या धाकाने तिला लोहगडाचा आश्रय घ्यावा लागला, व पुढे इंग्रजांच्या संरक्षणाखाली ती पनवेलीस राहिली. पेशवाई बुडाल्यावर तिला सालीना १२,००० रुपयांचे वर्षासन मिळाले व मेणवली हेच तिचे घर झाले. १८५४ साली तिचा अंत झाला. मुत्सद्द्याचे विश्रांतिस्थान असे विधवेचे आश्रयस्थान ठरले. आमच्या इतिहासकारांनी या बाईकडे फारसे लक्ष दिले नाही, हे मला नेहमीच खटकत आले आहे.

अलीकडे तेथे चित्रपटवाल्यांची वर्दळ असते. ‘स्वदेस’ (२००४) मुळे पुष्कळांना त्या वाड्याची ओळख झाली. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. माणसे या निमित्ताने तरी वाड्यात येतात.

पण वाड्याची खरी कामगिरी निराळीच. नानांचे दप्तर, रुमालांत बांधलेले हजारो मोडी कागद, येथे शंभर वर्षांवर टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवून साताऱ्यास आणले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिकडे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे कागद १८९७ पासून छापण्यास घेतले होते. म्हणजे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील वाड्यांनी कागद जपले, म्हणूनच उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिता आला.

आमच्या घरीही माळ्यावर अशी एक पेटी होती. माझ्या लहानपणी त्यातले कागद एकेक करून बंबात गेले. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते. एक रुमाल तेवढा वाचला. तो मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याकडे दिला असून आतापावेतो वाचलेले चार कागद सारावसुलीचे निघाले आहेत.