विहिरीवरचे इंजिन आणि मोटर

वाशीम जिल्ह्यात विहिरीचे पाणी उपसण्याचे साधन शंभरेक वर्षांत तीनदा बदलले. मोट गेली आणि डिझेल इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसली आणि आता सौर पंप बसत आहेत. यांतला इंजिनाकडून मोटरीकडे झालेला बदल सर्वांत लांबला. तो बहुतेक घरच्या घरीच झाला. शेतकरी, गावचा फिटर आणि ओळखीचा वायरमन मिळून जुनाच पंप आणि जुनीच पाइपलाइन ठेवून फक्त पंप फिरवणारे यंत्र बदलत.

जिल्ह्याची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. पाणी मिळते ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून विहिरी रुंद खोदाव्या लागतात आणि उन्हाळ्यात त्यांचे पाणी झपाट्याने खाली जाते. मोटेला याची अडचण नव्हती, नाडा लांब केला की काम भागत असे. यंत्राला मात्र ही अडचण फार जाचली.

दक्षिण आशियात पसरलेल्या इंजिनांचा मूळ नमुना इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचा, 1930च्या सुमाराचा. मोठी दोन चाके, मिनिटाला सुमारे 650 फेरे आणि कसलेही तेल पचवणारी प्रकृती. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला भरपूर काढल्या. महाराष्ट्रात साताऱ्याच्या कूपर कारखान्याने 1930च्या दशकातच डिझेल इंजिन बनवले होते, आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. मिनिटाला 1500 फेऱ्यांचे, पाच अश्वशक्तीचे उभे इंजिन हे पुढे शेतावरचे नेहमीचे दृश्य झाले. हँडल मारायचे, वेग आला की डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा आणि हात चटकन मागे घ्यायचा. हे जमेपर्यंत पोराला इंजिनाजवळ येऊ देत नसत.

पंप पाणी ओढतो म्हणजे वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. हिशेबाने ही मर्यादा सुमारे दहा मीटर. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप पाणी सोडतो. पाणी त्याखाली गेले की पंप विहिरीत उतरवावा लागे. त्यासाठी कडेला कातळात टप्पा काढत आणि पट्ट्याची ओढ जमावी म्हणून पुष्कळदा इंजिनही तिथेच बसवत. दीड-दोनशे किलोचे धूड दोरखंडांनी खाली सोडायचे आणि पावसाळ्याआधी वर काढायचे. शिवाय बंद विहिरीत साचणारा धूर जीवघेणा असे. मोटरीचे खरे आकर्षण इथे होते, आणि विजेच्या स्वस्ताईइतकेच ते मोठे मानले पाहिजे. पाच अश्वशक्तीच्या मोटरीचे वजन इंजिनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही नसते आणि धूर मुळीच नाही.

वीज आली ती हळूहळू. राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले. त्याच दशकात अकोला जिल्ह्यातल्या पारसचे औष्णिक केंद्र सुरू झाले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. ग्रामीण विद्युतीकरण निगम 1969 मध्ये निघाले आणि खेड्यांकडे तारा निघाल्या. 1977 मध्ये शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी लागू झाली. मग पंप तासभर चालवा की दिवसभर, बिल तेवढेच. तासाला लिटरभर डिझेल पिणारे इंजिन या हिशेबापुढे टिकणे शक्य नव्हते. कोटेशन भरायचे, डीपीवरून तार येण्याची वाट पाहायची आणि तोवर इंजिन चालवायचे, असा क्रम ठरून गेला.

बदल करणे अवघड नव्हते. चार पोलची मोटर 1440च्या आसपास फिरते, म्हणजे 1500च्या इंजिनाला जोडलेला पंप जवळपास तसाच चालतो. जुन्या 650च्या इंजिनाला बारा इंची पुली असेल, तर मोटरीला साडेपाच इंचाची लावली की पंपाचा वेग तोच राहतो. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, एवढीच दुरुस्ती. पिठाच्या गिरण्यांतही हाच बदल झाला आणि गावभर ऐकू जाणारी पुकपुक थांबली.

तरीही इंजिन भंगारात गेले नाही. थ्री फेजमधला एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजांवर ताण पडून वाइंडिंग जळते. तालुक्याच्या गावी वाइंडिंगची दुकाने चालली ती याच दोषावर. काहींनी कंडेन्सर लावून दोन फेजांवर मोटर ओढण्याचा उद्योग केला, त्यातही मोटरी जळाल्या. 2000 नंतरच्या दशकात लोडशेडिंग वाढले. गावठाणाचे फीडर वेगळे झाले आणि शेतीची वीज ठरावीक तासांवर, आळीपाळीने रात्रीची आली. हरभऱ्याला पाणी द्यायला थंडीत मध्यरात्री, विंचूकाट्याच्या भीतीत शेतात जाणे हा मोटरीबरोबर आलेला नवा भाग होता. ऐन भरणीत वीज गेली की झाकून ठेवलेले इंजिन पुन्हा बाहेर येई. पाणबुडी पंपाने ओढीची अडचण कायमची संपवली, पण विजेच्या वेळेवर त्याच्याकडेही उपाय नव्हता.

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे. त्याच वर्षीच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी 5 टक्के. ढगाळ दिवशी हा पंप मंदावतो हे खरे. पण सोयाबीनला पाणी लागते ते पावसाने ओढ दिल्यावर, आणि हरभरा-गव्हाला लागते ते निरभ्र थंडीत. त्यामुळे वाशीमच्या पिकांपुरता हा दोष मोठा नाही.