पेन, अपार, सरल: शाळेच्या ऑनलाइन नोंदीत तुमचं मूल नेमकं कुठे आहे?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो: ‘अपारचं संमतीपत्र उद्यापर्यंत सही करून पाठवा.’ खाली वीस अंगठे. दोन दिवसांनी दुसरा मेसेज: ‘खालील मुलांचं आधार मिसमॅच दाखवतंय, पालकांनी भेटावं.’ मग कुणीतरी विचारतं, ‘पेन नंबर म्हणजे काय? आमच्या मुलाकडे पेन आहे.’ यावर हसणाऱ्या स्मायली येतात, उत्तर मात्र येत नाही.

शाळेचा कारभार ऑनलाइन होऊन आता दहा वर्षं झाली. पण गेल्या दोन-तीन वर्षांत या सॉफ्टवेअरमध्ये ज्या सोयी आल्या आहेत, त्या पालकांच्या थेट वाट्याला येतात. फी भरण्याची लिंक आणि बसचं लोकेशन सगळ्यांना दिसतं. ज्या नोंदीवर दाखला, दहावीचा फॉर्म आणि शाळेतल्या शिक्षकांची संख्या ठरते, ती मात्र फारसं कुणी पाहत नाही. हा लेख त्या नोंदीबद्दल आहे.

एकच मूल, चार ओळखी

पूर्वी शाळेत एक जनरल रजिस्टर असायचं. मूल दाखल झालं की त्यात नाव, जन्मतारीख, आईचं नाव लिहिलं जायचं आणि शाळा सोडताना त्यावरूनच दाखला निघायचा. ते रजिस्टर आजही आहे आणि कायद्याच्या दृष्टीने मूळ कागद तेच आहे. त्याच्या जोडीला आता पडद्यावरच्या नोंदी आल्या आहेत.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली सुरू झाली. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला १९ अंकी स्टुडंट आयडी मिळतो. केंद्र सरकारची ‘यु-डायस प्लस’ ही वेगळी प्रणाली आहे. आधी तिथे शाळा फक्त आकडे भरायच्या: पाचवीत मुलं इतकी, मुली इतक्या. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र, नावानिशी नोंद होऊ लागली आणि मुलाला पेन मिळू लागला. पेन म्हणजे पर्मनंट एज्युकेशन नंबर. शाळा बदलली, राज्य बदललं तरी तो बदलत नाही. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस ‘अपार’ आलं. हा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरशी जोडलेला असतो आणि मुलाची गुणपत्रकं, प्रमाणपत्रं पुढे त्याखाली जमा व्हावीत अशी कल्पना आहे. चौथी ओळख आधारची, ती सगळ्यांना माहीत आहे.

थोडक्यात, सरल राज्याचं, पेन केंद्राच्या शालेय नोंदीचा, अपार कागदपत्रांच्या खात्याचा. तिन्ही एकच समजले जातात आणि ग्रुपवरचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मुलागणिक नोंदीमुळे एक गोष्ट चांगली झाली. एकच नाव दोन शाळांच्या पटावर ठेवणं अवघड झालं. यु-डायस प्लसच्या आकडेवारीत देशातली एकूण विद्यार्थीसंख्या २०२२-२३ मध्ये सुमारे २५.१८ कोटी होती, ती २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटींवर आली. जन्मदर घटतोय, हे त्यामागचं एक कारण. दुहेरी नावं गळणं हे दुसरं.

शाळा बदलताना आता काय होतं?

पूर्वी दाखला हातात घेऊन नव्या शाळेत गेलं की काम संपायचं. आता कागदाच्या दाखल्याइतकंच पडद्यावरचं स्थलांतर महत्त्वाचं आहे. यु-डायस प्लसमध्ये जुनी शाळा मुलाचं नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकते. नवी शाळा पेन आणि जन्मतारीख घालून ते आपल्या पटावर ओढून घेते. सरलमध्ये नवी शाळा विनंती पाठवते आणि जुनीने ती मान्य करायची असते.

जुन्या शाळेने नाव सोडलंच नाही, तर मूल वर्गात एका गावात आणि नोंदीत दुसऱ्या गावात राहतं. फी थकली म्हणून नाव अडवून ठेवल्याच्या तक्रारी पालक करतात. काही वेळा कारण साधं असतं, लिपिक रजेवर असतो किंवा लॉगिन बंद असतं. अशा वेळी आरटीई कायद्याचं कलम ५ लक्षात ठेवावं. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला तातडीने द्यायचा आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वर्गात न बसवण्याचं कारण होऊ शकत नाही. हा कायदा २००९ चा, म्हणजे ही सगळी पोर्टलं येण्याआधीचा आहे.

याचा सर्वात मोठा फटका ऊसतोड मजुरांच्या मुलांना बसतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल वर्षातून दोनदा जागा बदलतं, आणि दर वेळी ड्रॉपबॉक्सचा खेळ करायला ना आईवडिलांकडे वेळ असतो ना शाळेकडे. राज्यात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. ते कार्ड दाखवून मुलाला तात्पुरत्या गावच्या शाळेत बसता येतं. निघण्याआधी गावच्या मुख्याध्यापकांकडून कार्ड मागून घेणं आणि पेन वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवणं, इतकं झालं तरी पुष्कळ अडचणी टळतात.

‘आधार मिसमॅच’चा शाळेला काय तोटा?

शिक्षक या एका गोष्टीसाठी इतके मागे का लागतात, हे पालकांना कळत नाही. मग तो छळ वाटतो. कारण आहे संच मान्यता.

शाळेत किती शिक्षकांची पदं मंजूर होणार, हे दरवर्षी पटसंख्येवरून ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. महाराष्ट्रात गेली काही वर्षं या मोजणीत आधार वैध ठरलेली मुलं धरण्याचं धोरण आहे. वर्गात मूल रोज येतं, खिचडी खातं, परीक्षा देतं. पण पोर्टलवर त्याचं आधार ‘इनव्हॅलिड’ असेल, तर पदं मोजताना ते नसल्यासारखं होतं.

आरटीई कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन, असं प्रमाण आहे. राज्याने मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने आपले निकष बदलले, त्यावरून वादही झाला. पण आकड्याच्या उंबरठ्यावर असलेल्या शाळेचं दुखणं तेच आहे. चार-पाच मुलांची नोंद जुळली नाही, तर एक पद जाऊ शकतं. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो आणि उरलेल्यांवर दोन-दोन इयत्ता येतात. मोठ्या शहरी शाळेला याची झळ कमी लागते. वाडीवरच्या छोट्या शाळेत ती लगेच जाणवते.

मिसमॅच होतो तरी कशाने? बहुतेक वेळा फार क्षुल्लक गोष्टीने. शाळेच्या रजिस्टरात नाव मराठीत, आधारवर इंग्रजीत. श्रद्धा हे नाव इंग्रजीत लिहिताना एक अक्षर कमी पडतं. शाळेत आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे आधार काढताना जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष सांगून १ जानेवारी पडलेली. माणसाला हे एकच मूल आहे हे एका नजरेत कळतं. सॉफ्टवेअरला कळत नाही.

दुसरं कारण जुनं आधार. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांच्या ठशांविना निघतं. पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे, डोळे आणि फोटो द्यावे लागतात. हे अपडेट राहिलेल्यांची संख्या देशात सुमारे १७ कोटी असल्याचं आधार प्राधिकरणाने २०२५ मध्ये सांगितलं होतं. त्याच वर्षी एक उपयोगी सोय आली: कोणत्या मुलाचं अपडेट बाकी आहे, हे आता शाळेला यु-डायस प्लसमध्येच दिसतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभरासाठी या अपडेटचं शुल्कही माफ केलं आहे. वर्गशिक्षकांना एवढंच विचारा, ‘आमच्या मुलाचं बायोमेट्रिक बाकी दाखवतंय का?’

एक सावधगिरी. दुरुस्ती कुठे करायची, हे घाईत ठरवू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आधी जन्माचा दाखला काढून बघा. चूक आधारवर असेल तर आधार केंद्र, चूक शाळेच्या रजिस्टरात असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज. शाळेने केवळ मिसमॅच घालवायला आधारप्रमाणे नोंद बदलून टाकली आणि आधारच चुकीचं असलं, तर तीच चूक पुढे गुणपत्रकापर्यंत जाते.

हजेरीचा चॅटबॉट

डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या शिक्षकांना विद्यार्थ्यांची हजेरी स्विफ्टचॅट या ॲपवरच्या चॅटबॉटवर नोंदवायला सांगितलं गेलं. वर्गाची यादी येते, गैरहजर मुलांच्या नावावर टिचकी मारायची. कल्पना वाईट नाही. कोणतं मूल सलग आठवडाभर आलं नाही, हे त्याच दिवशी कळू शकतं. प्रत्यक्षात कागदी हजेरीपट सुटला नाही आणि पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद वेगळी राहिली. म्हणजे तीच मुलं दिवसातून तीनदा मोजायची, तीही जिथे रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं अशा गावांत. शिक्षक संघटनांचा विरोध समजण्यासारखा आहे. नवं बटण आलं की जुना कागद बंद व्हायला हवा, आणि आपल्याकडे तसं क्वचित होतं.

अपारला नाही म्हणता येतं का?

येतं. अपार ऐच्छिक आहे, हे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. मात्र शाळांवर टक्केवारीचा दबाव असतो, म्हणून मेसेजमध्ये ‘अनिवार्य’ असा शब्द सर्रास येतो. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलं आहे.

माझं मत विचाराल तर अपारचा फायदा आहे, विशेषतः बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांना. पण फॉर्म वाचून सही करावी. आणि आधारची झेरॉक्स ग्रुपवर टाकू नये. दीडशे अनोळखी मोबाइलांत मुलाचा आधार क्रमांक आणि जन्मतारीख पाठवण्याचं काही कारण नाही. शिक्षकांना स्वतंत्र द्यावी.

खासगी शाळेचं ॲप

सरकारी पोर्टलांखेरीज खासगी शाळा आपली ॲप वापरतात: फी, गृहपाठ, बस, निकाल सगळं एकत्र. अलीकडे काहींत चेहरा ओळखून हजेरी आणि एआयने लिहिलेले प्रगतीपुस्तकातले शेरेही आलेत. यातला बहुतेक डेटा शाळेकडे नसतो, ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. सगळं एका जागी साठलं की चोरालाही एकच दार पुरतं.

हे अमेरिकेत घडलंय. पॉवरस्कूल हे तिथलं फार मोठं शालेय सॉफ्टवेअर. डिसेंबर २०२४ मध्ये चोरलेल्या एका लॉगिनने कंपनीच्या ग्राहकसेवा पोर्टलमधून कोट्यवधी विद्यार्थी-शिक्षकांची माहिती बाहेर गेली. त्यात काही मुलांच्या आजारपणाच्या नोंदीही होत्या. कंपनीने खंडणी दिली, डेटा नष्ट केल्याचं आश्वासन घेतलं. तरी मे २०२५ मध्ये त्याच डेटाच्या जोरावर शाळांना पुन्हा धमक्या आल्या. गुन्हा कबूल करणारा आरोपी १९ वर्षांचा कॉलेज विद्यार्थी होता.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. तोवर पालकसभेत दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: मूल शाळा सोडून गेल्यावर ॲपमधली माहिती कधी पुसली जाते? आणि चेहऱ्याऐवजी साध्या हजेरीचा पर्याय आहे का?

कधी काय तपासायचं?

जूनमध्ये प्रवेश झाला की पेन मागून घ्या आणि नाव, आईचं नाव, जन्मतारीख पडद्यावर एकदा बघू द्या अशी विनंती करा. मिसमॅच असेल तर ३० सप्टेंबरच्या आधी निस्तरा. मूल दहावीत असेल तर जास्त जागरूक राहा. बोर्डाचे फॉर्म शाळेच्या ऑनलाइन नोंदीवरूनच भरले जातात आणि नंतर शाळेत प्रीलिस्ट येते, त्यावर विद्यार्थ्याने तपासून सही करायची असते. मुलं मैत्रिणीशी गप्पा मारत सही करून मोकळी होतात. त्या दिवशी घरून निघताना जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स मुलाच्या दप्तरात टाका, म्हणजे स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून मगच सही होईल.