साखरेचे लिंपण

कणगीला शेणामातीचे लिंपण घालतात ते आतील धान्य टिकावे म्हणून. केकवरील साखरेच्या शुभ्र थराकडे पाहताना हे लिंपण आठवावे. त्या थरात शोभेइतकीच रक्षणाचीही बुद्धी आहे.

एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज लेखिकेच्या १७६९ मधील पाकग्रंथात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर देण्याची कृती आहे. त्या काळी शुद्ध साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत मिळे. ती फोडायची, कुटायची, तलम कापडातून चाळायची आणि मग अंड्याच्या पांढऱ्या बलकात तासन्‌तास फेटायची. अशी महाग साखर पांढरीशुभ्र दिसणे ही श्रीमंतीची खूण होती खरी; परंतु सुकून कडक झालेल्या त्या कवचामुळे आतील फळांचा केक ओलसर राही, हा लाभही लहान नव्हता. लग्नाच्या केकचा एक मजला जपून ठेवून तो पहिल्या अपत्याच्या बारशाला कापण्याची इंग्रजी चाल याच कवचाच्या भरवशावर पडली.

१८०९ मध्ये बंगळूरला इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्याबरोबर ही विद्याही आली. घरगुती प्रमाण सोपे आहे : एका अंड्याच्या पांढऱ्या बलकास सुमारे २२५ ग्रॅम वस्त्रगाळ पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब. आंबटपणाने फेस टिकतो. थर दगडासारखा होऊ नये म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन घालतात. ते ओलावा धरून ठेवते. कामाच्या वेळी भांड्यावर ओले फडके हवेच, नाहीतर वर पापुद्रा धरतो. दुसरा प्रकार पाकाचा. गोळीबंद पाकाची बारीक धार फेटलेल्या बलकावर सोडीत राहायचे, म्हणजे मऊ, चकचकीत लेप तयार होतो. कच्च्या अंड्यातून रोगजंतूंचा संसर्ग होऊ शकतो हे आता ठाऊक असल्याने जाणती मंडळी पहिल्या प्रकारात सुकवलेल्या बलकाची भुकटी वापरतात.

छावणीच्या पलीकडची जुनी पेठ मात्र साखरेच्या कामात आधीच निष्णात होती. संक्रांतीला तेथे तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांच्या ‘एळ्ळु-बेल्ल’बरोबर ‘सक्करे अच्चु’ वाटतात. पाकात थोडे दूध घालून मळी काढायची, पाक घोटून गढुळला की भिजवलेल्या लाकडी साच्यांत ओतायचा. त्यातून पोपट, हत्ती, तुळशीवृंदावन अशा पांढऱ्या आकृती निघतात. शहाजीराजांना १६३८ नंतर ज्या गावची जहागीर मिळाली, त्या गावातील मराठी माणसाला हे पाहून हलव्याचे दागिने आठवावेत यात नवल नाही. मंद आचेवरील परातीत तिळावर पाक थेंबाथेंबाने सोडून बोटांनी घोळवावा, तेव्हा हलव्याला काटा येतो. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि बाळाचे बोरनहाण त्यावाचून सुने वाटते.

या तिन्ही कलांचे नाते साखरेच्या स्वभावाशी आहे. साखरेला स्फटिक होऊन बसण्याची ओढ असते. तो कण केवढा होऊ द्यायचा आणि केव्हा, यातच सारे कौशल्य. हलव्यात तो हवा, साच्यात बारीक हवा, लेपात जिभेला जाणवताही कामा नये. छावणीतील गृहिणीला आणि पेठेतील आजीला एकमेकींची भाषा आली नसती, तरी पाकाची तार दोघींनाही कळली असती.

नीलगिरीजचे सी. रामचंद्रन यांनी १९७५ मध्ये बंगळूरला वार्षिक केकप्रदर्शन सुरू केले. दर नाताळाच्या सुमारास तेथे साखरेत घडवलेल्या भव्य इमारती पाहण्यास लोक गर्दी करतात. प्रदर्शनात ही कला वैभवाला चढली. घरांतून मात्र ती मागे सरली. वनस्पती-स्निग्धाचे तयार क्रीम खोक्यातून निघते, क्षणात फुलते आणि शीतकपाटाबाहेर फार वेळ तग धरत नाही. त्याला दोष कशाला द्यावा? ते आजच्या घाईला उपयोगी आहे. पण जुन्या लिंपणाला वाट पाहता येत असे. दूरच्या पलटणीतून मुलगा नाताळाऐवजी संक्रांतीला घरी आला, तरी त्याच्या वाटचा केक त्या कवचाखाली तसाच असे. घरातून ही कृती गेली, तर येणाऱ्यासाठी काही राखून ठेवण्याची एक रीतही तिच्याबरोबर जाईल.