टॅब दाबा, स्थानक निवडा : पायथनमधील शब्दपूर्ती



जपानमध्ये सभासदांची यादी करायला बसले की सगळे गाडे स्थानकाच्या नावावर अडते. गणपतीला कोण कुठून येणार, सामान कोणाकडे ठेवायचे, हे स्थानकावरूनच ठरते. पण एकच निशि-कासाई कोणी जोडून लिहितो, कोणी मध्ये रेघ देतो. (नवे पाहुणे रोमन अक्षरे वाचून त्याचा 'कसाई' करतात, ते वेगळेच!) मग यादी स्थानकवार लावली की एकाच इमारतीतली तीन कुटुंबे तीन ठिकाणी जातात आणि एखाद्या घरी निरोपच पोहोचत नाही.

यादी भरायला पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी सोपा उपाय म्हणजे दोन-तीन अक्षरे टंकून टॅब दाबावी आणि उरलेले नाव प्रोग्रामनेच भरावे. पायथनच्या स्वतःच्या खिडकीत ही सोय ३.४ आवृत्तीपासून आपोआप मिळते; आपल्या प्रोग्राममध्ये मात्र ती आपणच जोडायची. (खालची सर्व नावे आम्ही देवनागरीत देत आहोत, टंकताना रोमन वापरावीत.)

'रीडलाइन' मॉड्यूल आणावे, आपले फंक्शन 'सेट_कम्प्लीटर'ला द्यावे, आणि 'पार्स_अँड_बाइंड'ला 'टॅब: कम्प्लीट' सांगावे. आपल्या फंक्शनला दोन गोष्टी मिळतात: टंकलेला तुकडा आणि एक क्रमांक. क्रमांक ० असता पहिले जुळणारे नाव, १ असता दुसरे, असे देत जायचे. नावे संपली की 'नन'. 'निशि' टंकून दोनदा टॅब दाबली की निशि-कासाई, निशि-ओजिमा, निशि-निप्पोरी, निशि-फुनाबाशी अशी यादी समोर येते.

खरी गंमत त्या मधल्या रेघेत आहे. रीडलाइन कुठे शब्द तोडते, याची चिन्हे ठरलेली असतात आणि त्यांत ही आडवी रेघही असते. त्यामुळे 'मिनामी-सु' टंकून टॅब दाबली तर आपल्या फंक्शनकडे फक्त 'सु' येते. यादीत 'सु'ने सुरू होणारे सुगामो एकटेच असेल तर ओळीत 'मिनामी-सुगामो' उमटते. असे स्थानकच नाही! हवे होते मिनामी-सुनामाची. म्हणून 'गेट_कम्प्लीटर_डेलिम्स'ने ती चिन्हे घ्यावीत, त्यांतून रेघ काढावी आणि उरलेली 'सेट_कम्प्लीटर_डेलिम्स'ला परत द्यावीत. एका ओळीचे काम, पण जपानी पत्त्यांत चोमे-बांची सगळे रेघांनीच जोडलेले, तेव्हा ही ओळ इथे हवीच.

दुसरी इथली खासियत म्हणजे पूर्ण रुंदीची अक्षरे. जपानी कळफलक त्या पद्धतीत राहिला की दिसायला रोमन अक्षर, पण संगणकाच्या लेखी वेगळेच. काहीच जुळत नाही. 'युनिकोडडेटा'मधील 'नॉर्मलाइझ'ला 'एनएफकेसी' सांगून मगच तुलना करावी.

शिंबाशीचेही असेच. फलकावर रोमनमध्ये 'एम' असतो, लोक सर्रास 'एन' टंकतात. फंक्शनने दोन्ही रूपे ओळखावीत, पण परत फलकावरचेच द्यावे. जुळणारे नाव एकच असेल तर रीडलाइन टंकलेली अक्षरे पुसून ते लिहिते, त्यामुळे यादीत एकच रूप राहते.

आज्ञा अनेक असतील ('नोंद', 'शोध', 'बदल') तर 'सीएमडी' मॉड्यूल बरे. तिथे 'कम्प्लीट_' पुढे आज्ञेचे नाव जोडून फंक्शन लिहायचे आणि जुळणाऱ्या नावांची पूर्ण यादी एकदम परत द्यायची. क्रमांकांची कटकट नाही. आमची पसंती यालाच. रेघेची काळजी मात्र इथेही घ्यावी लागते.

मॅकवर बहुधा रीडलाइनऐवजी 'लिबएडिट' असते आणि त्याला 'टॅब: कम्प्लीट' कळत नाही. तिथे 'बाइंड ^आय आरएल_कम्प्लीट' द्यावे. ३.१३ आवृत्तीपासून 'रीडलाइन.बॅकएंड' पाहून कोणते आहे ते कळते. विंडोजच्या पायथनबरोबर रीडलाइन येत नाही. 'पायरीडलाइन३' वेगळे बसवावे लागते.

आणि टॅब दाबून काहीच झाले नाही तर? आपल्या फंक्शनमध्ये चूक असली तरी रीडलाइन ती गुपचूप गिळते, पडद्यावर एक अक्षर येत नाही. तेव्हा आधी फंक्शन हाताने चालवून पाहावे: 'मिनामी' आणि ०, मग १, मग २, थेट 'नन' येईपर्यंत.