बधिर हाताचा इतिहास

आपल्या जुन्या घरांत 'महारोग' हा शब्द आला की बोलणाऱ्याचा आवाज खाली यायचा. बोटे 'झडतात' असे सगळेच म्हणत. माझ्या मते या 'झडणे' शब्दानेच रोगापेक्षा जास्त माणसे घराबाहेर काढली.

पिरनवाडीजवळ उद्यमबागेत फौंड्र्या आहेत. तापल्या लोखंडाला बोट लागले की कामगाराचा हात आधी मागे येतो, कळ मागून जाणवते. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांकडून निघालेली बातमी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचते. हात ओढून घेण्याचा हुकूम तिथूनच सुटतो, मेंदूला नंतर कळते. स्पर्शाचे तंतू जाड, त्यांचा वेग सेकंदाला ३० ते ७० मीटर. तीव्र कळ नेणारे बारीक, आणि ठणका नेणारे सर्वांत बारीक, जेमतेम एक-दोन मीटर. म्हणून ठेच लागली की आधी सणक, मग ठणका. संकेश्वरी मिरचीने तोंड पोळते तेव्हा उष्णता ओळखणारी टोकेच फसलेली असतात. मिरचीतल्या तिखट द्रव्यावरून ही टोके शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलचा वाटा मिळाला. आम्हा जैनांकडे तर स्पर्श हे पहिले इंद्रिय. एकेंद्रिय जीवालाही ते असते.

महारोगात नेमके हेच इंद्रिय जाते. हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेत दाखवलेला जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीलगतच्या तंतूंत घर करतो. बहुधा आधी ऊन-थंड कळेनासे होते, मग टोचणे, मग स्पर्श.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी १८९० साली माटुंग्याला या रोग्यांसाठी आश्रम काढला. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थ ते हेच. १८९८ च्या कायद्याने निराधार रोग्यांना धरून आश्रमात ठेवण्याची मुभा दिली. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, पुढे बाबा आमटे यांनी वरोऱ्याला सेवा उभी केली. तरी बोटे का जातात, हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी शोधले. बोटे झडत नव्हती. चटका कळत नसल्याने माणूस गरम भांडे धरून ठेवी. जखमेवर तसाच चाले. रात्री उंदीर बोट कुरतडी आणि जाग येत नसे. रोग्यांना मांजरे पाळायला दिली, हाही उपचारच! पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनी असे वाकडे हात शस्त्रक्रियेने कामाला लावले.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. तरी सांगतो, अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर आमच्या साबुदाण्याच्या गोळ्यांत दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात १९८० च्या दशकापासून रुजलेली एकत्रित औषधे मोफत मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. जंतू मरतो, पण मेलेला तंतू सहसा परत येत नाही. शिवाय घरच्यांनी घाबरून माणूस तोडू नये. हिंदू विवाह कायद्यातून घटस्फोटाचे कारण म्हणून हा रोग वगळायला २०१९ साल उजाडले, हे आपल्याला शोभत नाही.

ज्याचे हात-पाय बधिर झाले, त्याने रोज रात्री उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या न्याहाळाव्यात, चप्पल झटकून घालावी. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनाही हेच लागू.